उपड्या घमेल्याखालचा पक्षी

ससा घाबरट होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं ते त्याच्या भीतीनेच झालं.

बसच्या सांगाड्यावर पत्रे चढवायच्या शेडमध्ये आम्ही दोघांनी उभं आयुष्य काढलं. मी वेल्डर, तो पत्रेवाला. मी सांगाडा जोडायचा, त्याने त्यावर पत्रे बसवून रिव्हेट ठोकायचे. मला सगळे ठिणगी म्हणत, त्याला ससा. मागे कोणी लोखंडाची पट्टी टाकली की हा जागच्या जागी वीतभर उडायचा. शिडीची भीती, विजेची भीती, साहेबाची भीती, आणि एखादा दिवस धड गेलाच तर आज काहीच कसं झालं नाही याची भीती. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. याच्या पाठी तो बायकापोरांसकट फिरायचा.

पण त्या भीतीने काम बिघडत नव्हतं, सुधारत होतं. पत्रा कुठून फाटेल हे तो पत्रा बसवायच्या आधीच मनात बघून ठेवायचा. ठिगळाचे रिव्हेट त्याने कधी एका रेषेत मारले नाहीत. म्हणायचा, एका रेषेत भोकं पाडली की पत्रा त्याच रेषेवर फाटतो. आणि तडा ठिगळाखाली जात नाही, ठिगळ संपतं तिथे जातो. म्हणून ठिगळाच्या कडा तो सरळ कापत नसे. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. भीतीने शिकवलं.

बस बाहेर पडायच्या आधी तो हात फिरवत शेवटची चक्कर मारायचा. काहीतरी वाजतंय म्हणून चाललेली बस परत बोलवायचा. बहुतेक वेळा काही नसायचं आणि आम्ही त्याच्या नावाने बोटं मोडायचो. पण एक होतं. 'ठीक आहे' हे दोन शब्द त्याच्या तोंडून फुकट निघत नसत.

त्याची थोरली बहीण रंगाच्या विभागात होती. तिला सगळे अक्काच म्हणत, साहेबसुद्धा. बसवरचे नंबर, पाट्या, सूचना, सगळी अक्षरं तिच्या हातची. पट्टी न लावता सरळ ओळ काढायची. ती म्हणायची, "सशाने ठीक म्हटलं की मी डोळे मिटून नंबर घालते."

आणि वहिनी, म्हणजे सशाची बायको, छताखालची मोठी क्रेन चालवायची. लग्न कसं जमलं असं कोणी विचारलं की वहिनींचं उत्तर ठरलेलं. "वरून बघत होते ना मी. लटकत्या मालाखालून सगळे बिनधास्त जायचे. हे एकटेच भिंतीला चिकटून जायचे. म्हटलं, हा माणूस टिकेल. बाकीचे एखाद्या दिवशी माझ्याच हातून मेले असते."

निवृत्तीनंतर रिमोटचे ट्रक घरात आले ते वहिनींमुळे. कोणाकडे तरी त्यांनी एक पाहिला, रिमोट हातात घेतला, आणि परत द्यायला त्यांना फार वेळ लागला. क्रेनवर घडलेले अंगठे ते. मालाला हेलकावा न देता उचलायची सवय. दर रविवारी सकाळी पडीक मैदानावर मातीच्या उंचवट्यांवरून ट्रक पळवायचे, आमच्यासारखेच रिकामे झालेले लोक जमायचे. वहिनी चालवायच्या, ससा ट्रक धडधाकट ठेवायचा, अक्का रंगवायची. माझं काम उलटलेले ट्रक सरळ करायचं. लांबच्या वळणावर उभं राहायचं, पडला की पळायचं. गुडघे कुरकुरतात, पण काम ते काम. जागा सोडून गप्पा मारत बसणारे मला चालत नाहीत.

आता बॉडीबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

ट्रकच्या वरचं कवच म्हणजे बॉडी. पातळ पारदर्शक प्लास्टिकची असते, दोन बोटांनी दाबली तर वाकते. तिला रंग बाहेरून देत नाहीत, आतून देतात. बाहेरून दिला तर पहिल्याच आपटीत खरवडून जाईल. म्हणून रंग आत, आणि आपण तो प्लास्टिकमधून बघायचा, खिडकीच्या काचेमागचं चित्र बघावं तसा. त्यामुळे सगळं उलट्या क्रमाने करावं लागतं. जे सगळ्यात वर दिसायला हवं ते आधी काढायचं. अक्षरं उलटी लिहायची. शेवटी सगळ्यावर काळा हात मारायचा, म्हणजे रंग भरीव दिसतात. बाहेरच्या अंगाला कारखान्यातूनच एक धुरकट फिल्म चिकटवलेली येते. ती अगदी शेवटी सोलायची.

आतला रंग मग तसाच उघडा राहतो. चाकं खडी उडवतात, ती आतून रंगाला झोडपते. कोपरे आपटून तडकतात. इथे सशाचं काम सुरू व्हायचं. भिंतीच्या भेगांवर लावतात ती जाळीची पट्टी तो कोपऱ्यांत, चाकांच्या कमानींवर आणि बॉडी ट्रकवर ज्यांनी अडकते त्या खिळ्यांच्या भोकांभोवती बसवायचा. तिच्यावर बुटाचे तळवे चिकटवायचा गोंद. बोट पाण्यात बुडवून तो पातळ पसरायचा, म्हणजे बोटाला चिकटत नाही. एक थर, मग उघड्या हवेत वाळवण, मग दुसरा थर. पट्टीच्या कडा वेड्यावाकड्या कापलेल्या. बसचंच काम, तळहाताएवढं.

गेल्या वर्षी अक्काच्या डोळ्यांत मधोमध धुकं आलं. कडेचं दिसतं, समोरचं नाही. तुमच्याकडे बघायचं असेल तर ती तुमच्या शेजाऱ्याकडे तोंड करते. डॉक्टरांनी सांगितलं की हे धुकं पसरत जाईल, मागे हटणार नाही.

तिने एक बॉडी रंगवायला घेतली. संध्याकाळचं आभाळ, खाली नारिंगी, वर जाता जाता गडद निळं. विजेच्या तारा. बॉनेटवर तारेवरून नुकताच उठलेला पक्षी, दोन्ही पंख पसरलेले, डोळ्यात पांढरा ठिपका. पण आतून रंगवायचं म्हणजे ठिपका आधी. मग त्याच्याभोवती पक्षी, मग तारा, आभाळ सगळ्यात शेवटी. म्हणजे जे सगळ्यात बारीक ते पहिलं, आणि चुकलं तर पुढचं सगळं फुकट. मी तिला तो ठिपका देताना पाहिलंय. काडीपेटीच्या काडीचं टोक रंगात बुडवून, मान पूर्ण वळवून, जणू खिडकीबाहेर बघतेय अशी बसली होती. हात मात्र बॉडीत. श्वास घेतला, धरला, टेकवली, उचलली.

मी म्हटलं, "लागला."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "तू श्वास सोड आता."

बॉडी पुरी झाली त्या संध्याकाळी तिने ती सशाच्या हातात ठेवली. मीही तिथे होतो.

"घे. ही शेवटची."

"असं बोलू नकोस, अक्का."

"का? नाही बोलले तर डोळे परत येतील? रविवारी पळाली पाहिजे."

सशाने बॉडी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. "अक्का, एक सांगू का? ही राहू दे. ही घरात ठेवू. भिंतीवर लावतो. जुनी आहेच की मैदानासाठी."

"भिंतीवर लावलेलं मला दिसणार आहे का रे? ट्रक पळतो तो निदान ऐकू तरी येतो." तिने हात पुढे करून त्याचा कान शोधला आणि धरला. "कपाटात ठेवलीस तर हे कान कापून घेईन. ससुल्या, ऐकलंस?"

"ऐकलं."

तो घरी गेला तो पाय न उचलता, फरफटत. ठेच लागून बॉडी पडेल म्हणून.

शुक्रवारी सकाळी ससा माझ्या दारात उभा. शर्टाची बटणं वरखाली लागलेली. चेहरा पांढराफटक. तोंड उघडत होतं, पण शब्द फुटत नव्हता. 

"वहिनी?" मी विचारलं.

त्याने मान हलवली. नाही.

"अक्का?"

"अजून नाही," तो म्हणाला. "तिला कळलं की मग मी मेलो."

मी चपला घातल्या आणि निघालो.

त्याच्या घरामागच्या खोलीत त्याचं बाक आहे. बाकावर एक प्लास्टिकचं घमेलं उताणं पडलं होतं, शेजारी एक वीट. वहिनी दारात हाताची घडी घालून उभ्या. खोलीत गोंदाचा वास असा कोंडला होता की डोळे चुरचुरले.

"दाखवा यांना," वहिनी म्हणाल्या. "मला दाखवून झालं. आता गावभर दाखवा."

त्याने बॉडी उचलली. आतून सगळं नीट दिसत होतं. जाळी, गोंद, त्याखाली काळा रंग. मग त्याने ती उलटी केली. बॉनेटवरच्या फिल्मचा एक कोपरा उचकटलेला होता. त्याने तो आणखी थोडा सोलला.

पक्ष्याचा डावा पंख आकसला होता. प्लास्टिक गुळगुळीत, पण त्याच्या मागे रंग उचलून चुरगळला होता, दुधावरची साय काठाला सरकवल्यासारखा. खांद्यापासून टोकापर्यंत.

मी वाकून जवळून पाहिलं. 

झालं होतं ते असं. गोंदात जे द्रव असतं ते उडून जावं लागतं. पातळ थर, उघडी हवा, आणि थांबणं. हे त्यानेच मला शंभरदा ऐकवलेलं. पण ही बॉडी हातात आली आणि त्याची पाचावर धारण बसली. बॉनेट पहिल्यांदा आपटतं म्हणून पंखाखाली गोंद जाड लावला. तो वाळायच्या आत त्यावर आणखी लावला. मग धुळीची भीती वाटली म्हणून खिडकी बंद केली. शेजारचं मांजर आत येईल म्हणून दार बंद केलं. तरी जीव थाऱ्यावर येईना, म्हणून वर घमेलं उपडं घातलं. घमेलं कोणी उचलेल म्हणून वर वीट. आत गोंदाची वाफ कोंडली, रंगात मुरली आणि रंग मऊ पडून उचलला. अति तिथे माती. जितकी काळजी जास्त तितका थर जाड, आणि जिथे थर जाड तिथेच घात.

"ठिपका?" मी विचारलं.

"ठिपका जागेवर आहे. उजवा पंख जागेवर आहे." त्याचा आवाज चिरकला. "डावाच."

"काढता येईल?"

"काय काढू? गोंद ओढला तर रंग त्याच्याबरोबर येईल. आत आहे ना सगळं."

ते खरं होतं. मागून केलेलं काम मागूनच उलगडावं लागतं, आणि उलगडताना पुढचं जातं. बाहेरून रंग लावून झाकणं म्हणजे फसवणूक, आणि तीही एका फेरीपुरती. मी दोन्ही बाजूंनी विचार केला. दुरुस्ती नव्हती. जे दुरुस्त होत नाही त्यावर हात चालवणं म्हणजे काम नव्हे, नुसती खुडबुड.

ससा हळूच म्हणाला, "तिला कळणार नाही."

आम्ही दोघांनी त्याच्याकडे पाहिलं.

"तिला दिसत नाही. बाहेरून हात फिरवला तर प्लास्टिक गुळगुळीत आहे. आतून हात फिरवला तर गोंद लागेल. तिला कळायला वाटच नाही." हे बोलताना त्याला सुटका झाल्यासारखं वाटायला हवं होतं. पण तो आणखीच कापायला लागला.

"कळणार नाही म्हणून तर सांगा," वहिनी म्हणाल्या. "कळणार असतं तर गप्प राहिलात तरी चाललं असतं."

"सांगतो. रविवार होऊ दे."

"रविवारी मैदानावर फिल्म निघेल. चार लोक बघतील. एकजण तरी बोलेल, अरेरे, पक्ष्याला काय झालं? मग?"

सशाने बाकाच्या खणातून एक गोल स्टिकर काढला. मैदानावर प्रत्येक ट्रकला नंबर असतो, तो नंबराचा स्टिकर. एरवी दारावर लावतात. त्याने तो पंखावर धरून दाखवला. बरोबर बसत होता.

वहिनींनी पाठ फिरवली. आत निघून गेल्या. थोड्या वेळाने आतून भांडी आपटल्याचा आवाज आला आणि ससा वीतभर उडाला.

शनिवारी तो अक्काकडे जाऊन आला. मला वाटलं सांगून आला. विचारलं तर मान खाली.

रविवारी मी लवकर मैदानावर गेलो. वाऱ्याने माती उडत होती. ससा आला तो बॉडी कापडात गुंडाळून, चोरीचा माल आणावा तशी. कोणी जवळ आलं की तो अंग वळवून तिच्यापुढे उभा राहायचा. मैदानावरचा शिट्टीवाला, म्हणजे सगळ्यांना रांगेत लावणारा, थट्टेने म्हणाला, "काय ससोबा, पिल्लू आहे का आत?" तर याचे ओठ पांढरे. मला त्याच्याकडे बघवेना. आणि खरं सांगायचं तर मीही अक्काच्या नजरेसमोरून सरकत होतो, त्या नजरेला मी दिसत नाही हे माहीत असून.

अक्का खुर्चीवर बसली. मांडीवर हात पसरले. "आण."

बॉडी तिच्या मांडीवर आली. फिल्म काढायचा मान रंगवणाऱ्याचा, ही आमच्यातली पद्धत. तिने नखाने कड शोधली. बॉनेटच्या कोपऱ्यात तिचं बोट क्षणभर थांबलं. तिथली कड आधीच सैल होती. ससा माझ्या दंडाला धरून उभा होता. त्याची बोटं रुतत होती. मग तिने ओढली. फिल्म निघताना जो आवाज येतो, तो एरवी मला आवडतो. त्या दिवशी नकोसा वाटला.

पाठीमागे दोघेतिघे वाकून बघत होते. एकाने तोंड उघडलं. वहिनींनी त्याच्याकडे अशी नजर टाकली की त्याने ते मिटलं.

अक्काने बाहेरून पूर्ण हात फिरवला. गुळगुळीत. समाधानाने मान हलवली. मग तोंड सशाच्या शेजारी, म्हणजे माझ्याकडे, वळवून म्हणाली, "आता सांग."

"काय सांगू?"

"कशी दिसते ते. रंगवत होते तेव्हा वर फिल्म होती. आतून रंगवलं, उलटं. बाहेरून मी माझा पक्षी पाहिलेलाच नाही. आता पाहणार नाही. तू सांग."

"ठिणगीला विचार की. त्याला चांगलं—"

"ठिणगी चांगलंच म्हणेल. शिट्टीवाला वाहवा करेल. मला तुझ्याकडून पाहिजे. तू जन्मात कधी बिघडलेल्याला ठीक म्हटलं नाहीस. घाबरतोस म्हणून. सांग."

सशाने माझा दंड सोडला. मातीत उकिडवा बसला, तिच्या गुडघ्याशी.

"खाली नारिंगी आहे," तो म्हणाला. "चाकांच्या कमानीशी पिवळट. वर जाताना कुठे निळं होतं ते सापडत नाही. एकदम निळंच असतं."

"चांगलं. तारा?"

"तीन. मधली किंचित झोल खाल्लेली."

"मुद्दाम खाल्लीय. ठिपका?"

"ठिपका चमकतोय. माझ्याकडेच बघतोय."

ती हसली. "पंख?"

"उजवा... उजव्याची पिसं मोजता येतात."

"डावा?"

वाऱ्याने खुर्चीखालचं कापड फडफडलं. सशाचा हात खिशात होता. त्या खिशात काय होतं ते मला माहीत होतं.  मी मनात म्हटलं, बोल रे. आणि दुसऱ्या मनात म्हटलं, नको बोलूस.

"डावा ठीक नाही," ससा म्हणाला.

"म्हणजे?"

"सुरकुत्या आहेत. खांद्यापासून टोकापर्यंत. रंग उचललाय. मी गोंद जाड लावला, अक्का. वाळायच्या आत दुसरा लावला. वर घमेलं घातलं. धुळीला घाबरलो."

अक्काचा हात बॉडीवर होता तिथेच राहिला. चेहऱ्यावरचं हसू मात्र हळूहळू गेलं.

"कधी कळलं तुला?"

"शुक्रवारी."

"शनिवारी तू माझ्याकडे चहा पिऊन गेलास."

"हो."

"मी विचारलं, वाळली का?"

"हो."

"तू म्हणालास, वाळली."

"वाळली होती, अक्का," तो पुटपुटला. "तेवढं खरं होतं."

कोणीतरी मागे फिसकन हसलं आणि लगेच खोकला काढला. अक्का हसली नाही.  मी तिला ओरडताना पाहिलंय, ब्रश फेकून मारताना पाहिलंय. असं गप्प कधी पाहिलं नव्हतं. ससा उकिडवा, मान खाली, जणू वरून काहीतरी पडणार आणि चुकवायला जागा नाही.

शिट्टीवाल्याने हाक दिली. ट्रक रांगेत लावा.

"लाव बॉडी," अक्का म्हणाली.

"अक्का, नको. हात जोडतो. जे उरलंय ते तरी—"

"उरलंय ते कोणासाठी ठेवू? लाव म्हटलं ना. आणि नंबर काढ खिशातला. मघापासून खिशात हात घालून बसलायस, कडेने तेवढं दिसतं मला."

सशाने स्टिकर काढला. घामाने भिजून तो मऊ झाला होता. त्याने विचारलं, "कुठे लावू?"

"दारावर. जिथे लावतात तिथे. पंखावर लावायचा बेत होता ना? अरे, डाग कसा झाकायचा हे तू मला शिकवणार? जन्मभर तेच केलंय मी. साहेबांच्या गाडीचे ओरखडे कोणी झाकले?" तिचा आवाज शेवटी थोडा हलला. "लाव. आणि पुसून लाव."

वहिनींनी रिमोट घेतला. मी माझ्या वळणावर गेलो.

ससा कधीच शर्यत बघत नसे. मैदानाकडे पाठ करून उभा राहायचा आणि ऐकायचा. प्लास्टिक वाकलं तर आवाज ओला येतो, फुटलं तर कोरडा, असं त्याचं म्हणणं. त्या दिवशी अक्का खुर्चीत मैदानाकडे तोंड करून आणि ससा तिच्याशेजारी पाठ करून, दोघंही ऐकत होती.

वहिनी हातचं राखून चालवत होत्या. क्रेनवाली बाई राखून चालवायला लागली की ओळखावं, भीती तिच्यापर्यंतही पोचलीय. दुसऱ्या फेरीत मोठ्या उंचवट्यावर त्यांनी वेग कमी केला, आणि तिथेच चुकलं. उडीला वेग अर्धा ठेवला तर नाक खाली जातं. ट्रक हवेत नाकावर वळला, बॉनेटवर आपटला, उलटला, छपरावर घसरत खडीतून थेट माझ्या वळणाच्या फळीवर आदळला. मागून येणाऱ्या ट्रकची चाकं त्याच्यावर चढून गेली.

मी पळालो. किती वेळा मी पडलेला ट्रक उचललाय.  त्या दिवशी उचलायच्या आधी मान वळवली. पलीकडे ससा पाठ करूनच उभा होता, खांदे कानांपर्यंत गेलेले. मी ट्रक उचलून फिरवला. छपरावर पांढरे ओरखडे, बॉनेटवर माती. कोपरे दाबून पाहिले. एक, दोन, तीन, चार. सरळ करून सोडला. वहिनींनी त्याला पुढे काढलं, आणि मग मात्र राखून चालवलं नाही.

शर्यत संपली. कितवे आलो ते विचारायला कोणी गेलं नाही.

अक्काने बॉडी मांडीवर उलटी घेतली. अंगठा आतून फिरवायला लागली, सावकाश, एकेका पट्टीवरून. छपराच्या कोपऱ्यात जाळीची कड वेडीवाकडी कापलेली लागली. "इथे काम केलंयस." कमानींवर, "इथेही." मग बॉनेटवर आली. तिथे गोंद घट्ट्यासारखा जाड होता. अंगठा त्यावर राहिला. "इथे घाबरलास."

"हो."

"फुटली का कुठे? बघून सांग. पाठ करू नकोस."

सशाने बॉडी घेतली. उजेडाकडे धरली, फिरवली. त्याने घाई केली नाही. "तडा नाही. छपराच्या मागच्या कोपऱ्यात पांढरी रेघ आलीय. आज ठीक आहे. पुढे तडकू शकते."

"मग तिच्या टोकाला बारीक भोक पाड, तडा तिथेच थांबेल. हे मी सांगायला हवं का?"

"नाही. पाडतो."

"आणि उघड्या हवेत ठेव."

"ठेवतो."

तिने खुर्चीत अंग मागे टाकलं. तोंड माझ्याकडे, म्हणजे सशाकडे केलं. "आता परत सांग. मघाशी अर्धंच झालं. पहिल्यापासून सांग."

"सुरकुत्या—?"

"धरून."

ससा पुन्हा उकिडवा बसला. बाहीने बॉनेट पुसायला गेला आणि थांबला. 

"आधी माती आहे," तो म्हणाला.

"मग मातीपासून सांग."